गाडी उभी, दंड चालू, आणि मेसेज भलत्याच्याच मोबाईलवर

पत्र थोडक्यात: पत्र डोंबिवलीहून आलंय. लिहिणारे पस्तिशीच्या पुढचे, खाजगी नोकरी, घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. त्यांच्याकडे २००७ची स्प्लेंडर आहे, जुन्या चाळीत शेजारी राहणाऱ्या काकांकडून २०१६च्या सुमारास घेतलेली. काका रिटायर होऊन चिपळूणला गावी राहायला गेले, जाताना 'तूच घे रे, इथे पडून गंजेल' म्हणत थोडक्या पैशात देऊन गेले, ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्याही करून दिल्या. ते फॉर्म अजून कपाटात आहेत. आरसीवर आजही काकांचंच नाव आहे आणि आरसीची पंधरा वर्षं जून २०२२मध्येच संपलीत. करोनानंतर निम्मं काम घरून, त्यामुळे गाडी बिल्डिंगच्या गेटबाहेर रस्त्यावर उभी असते, आत जागा नाही. मध्यंतरी तिथेच ट्रॅफिकवाल्यांनी फोटो काढून चलन फाडलं, नो पार्किंगचे पाचशे आणि वर नोंदणीची मुदत संपल्याचे दोन हजार. मेसेज गेला काकांच्या मोबाईलवर, मग काकांच्या मुलाचा फोन आला आणि तो बरंच काही बोलला. आता प्रश्न असे: उभ्या गाडीला नोंदणीचा दंड लावतातच कसा, भांडू का? ऑफिसातला मित्र म्हणतो नंबरप्लेट काढ आणि वरून कव्हर घाल, ते करू का? एक एजंट म्हणतो काकांकडे जायची गरजच नाही, 'सहीचं आपण बघून घेऊ', त्याला पैसे देऊ का? की बायको म्हणते तसं भंगारात देऊन मोकळा होऊ?

दादा, तुमचा राग समजतो. रस्त्यावर दिवसभर उलट्या दिशेने रिक्षा येतात, स्टेशनबाहेर चालायला जागा नाही, तिथे कोणाला काही दिसत नाही आणि तुमची कोपऱ्यात उभी असलेली गाडी मात्र बरोब्बर दिसते, असं वाटणं साहजिकच आहे. पण तुमच्या पत्रात मला एक गंमत दिसली. सुरुवातीला तुम्ही ठासून लिहिलंय की 'ताई, मी ती गाडी चालवतच नाही', आणि खाली काही ओळींनंतर लिहिलंय की बॅटरी बसू नये म्हणून रविवारी सकाळी दूध-पेपर आणायला एक चक्कर मारतो. मग गाडी चालते हो! आठवड्यातून एकदा का होईना, पण चालते. हे मी तुम्हाला पकडायला म्हणून सांगत नाहीये, पण 'नुसती उभी असते' या एका वाक्यावर तुम्ही सगळी लढाई उभी केलीय आणि ते वाक्य तुमच्याच पत्रात टिकत नाही, तर साहेबांसमोर काय टिकणार.

आता कायद्याचं थोडं सांगते, कंटाळू नका, कारण यात तुमच्या बाजूचंही काहीतरी आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ म्हणतं की नोंदणी नसलेली गाडी कोणी चालवायची नाही आणि मालकाने चालवू द्यायची नाही. आपल्या खाजगी गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती संपली आणि पुढे वाढवली नाही की गाडीला नोंदणी नाहीच असं धरतात. म्हणजे तुमची गाडी २०२२पासून कागदावर बिननोंदणीची आहे, मग नंबरप्लेट कितीही चकचकीत असो. तुम्ही म्हणता तसं कलम ३९मध्ये 'चालवणे' असाच शब्द आहे हे खरं, त्यामुळे उभ्या गाडीचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. पण दंड ज्या कलमाने लागतो त्या १९२मध्ये गाडी 'वापरू देणे' असंही आहे, आणि वापर म्हटलं की कोर्ट जरा मोठा अर्थ घेतं. आपल्याच सातारा जिल्ह्यात पुणे-बेंगळुरू हायवेवर १९८७ साली एक पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याच्या कडेला कलंडला होता आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला, माणसं गेली. विमा कंपनीकडून सांगितलं गेलं की टँकर तर तेव्हा नुसता पडलेला होता, वापरात कुठे होता? सुप्रीम कोर्टाने १९९१मध्ये ते मानलं नाही, थांबलेली गाडीही वापरातच धरली. ती केस नुकसानभरपाईची होती, चलनाची नाही, तरी 'उभी होती हो' एवढ्यावर निभावेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

आणि एक गंमत म्हणजे कलम ३९मध्ये 'सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कुठल्याही ठिकाणी' असं लिहिलंय. म्हणजे उद्या सोसायटीत जागा मिळाली आणि तुम्ही कंपाउंडच्या आतल्या आत चालवलीत तरी नियम तोच. आत ट्रॅफिकवाला येत नाही एवढाच फरक.

नो पार्किंगच्या पाचशेबद्दल तर मी तुमच्या बाजूने बोलूच शकत नाही. 'इतकी वर्षं तिथेच लावतो, कोणी काही बोललं नाही' असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याच पत्रात गल्लीत पी-१ पी-२चे बोर्ड आहेत हेही लिहिलंय. सम तारखेला या बाजूला, विषमला त्या बाजूला. जी गाडी रविवार ते रविवार हलत नाही ती आठवड्यात अर्धे दिवस चुकीच्याच बाजूला असणार ना, यात पोलिसांनी शोध लावायला नको. शिवाय कलम १२७ असं आहे की सार्वजनिक जागेत दहा तास किंवा जास्त वेळ गाडी बेवारस नाहीतर कोणी सोबत नसलेली अशी पडून असली तर हद्दीतला वर्दीतला पोलीस ती उचलायला सांगू शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून घेतात. तुमची उचलली नाही, फोटोवर भागलं, हे नशीब समजा. टोइंगवाल्यांनी उचलून नेलेली गाडी सोडवायला गेलात की पहिला प्रश्न असतो, आरसी दाखवा. काय दाखवणार होतात?

पण दादा, खरी गोष्ट इथे पुढे आहे. भांडू का असं तुम्ही विचारता, पण भांडायचं कोणी? कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. पैसे तुम्ही दिलेत, पेट्रोल तुम्ही घालता, चावी तुमच्या शर्टाच्या खिशात असते, तरीही मालक काका. चलन काकांच्या नावावर आहे. तुम्ही ते नाकारलंत, भरलं नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं, तर समन्स कोणाला जाईल? चिपळूणला, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला. म्हणजे तुम्ही तत्त्वासाठी लढणार आणि कल्याणच्या कोर्टात तारखेला काका उभे राहणार. तुम्हाला हे नको असणार हे मला माहितीय, कारण काकांबद्दल तुम्ही किती आपुलकीने लिहिलंय ते वाचलं, पहिली गाडी त्यांनीच शिकवली, चाळीच्या बोळात क्लच सोडताना तुम्ही ड्रमवर धडकलात, वगैरे. म्हणून म्हणते, तुमचा प्रश्न पोलिसांशी नाहीचे. गाडी घेतली त्या दिवसापासून आजपर्यंत काका तुमच्यासाठी जामीन राहिलेत, आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

काकांचा मुलगा फोनवर 'उद्या कोणाला उडवलंस तर आम्ही भरायचे का' असं म्हणाला आणि ते तुम्हाला लागलं. बोलायची पद्धत वाईट असेल, पण मुद्दा चुकीचा नाही हो. २०१८मध्ये सुप्रीम कोर्टापुढे असंच प्रकरण होतं, नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार. नोंद एकाच्या नावावर, गाडी त्याने विकलेली, घेणाऱ्याने पुढे विकलेली, असं करत करत भलत्याच्याच हातात असताना अपघात झाला. कोर्ट म्हणालं, ज्याचं नाव रजिस्टरवर आहे त्यानेच भरपाई द्यायची. विकणाऱ्याने मागे लागून ट्रान्सफर करून घेतलं नाही तर जखमी माणसाने कुठे सगळ्यांना शोधत फिरायचं, असा साधा विचार त्यामागे आहे. आणि तुमच्या पत्रात इन्शुरन्सबद्दल एक अक्षर नाही, त्यावरून मी समजायचं ते समजले. विमा नसताना रविवारच्या त्या दूध-पेपरच्या चक्करीत एखाद्या आजोबांना धक्का लागला तर आकडा अडीच हजारांचा राहणार नाही, आणि नोटीस पुन्हा चिपळूणलाच. नुसता विमा नसण्याचाही दंड पहिल्या वेळी दोन हजार, दुसऱ्यांदा चार हजार आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही लिहिलेली आहे. तेव्हा आजपासून ती रविवारची चक्कर बंद. बॅटरी बसली तर बसू दे, किक आहे ना.

आता काय करायचं ते सांगते. आधी चलन भरून टाका, दोन्ही, आजच. महाराष्ट्र ट्रॅफिकच्या अधिकृत साइटवर किंवा ॲपवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की चलन दिसतं, फोटोसकट, आणि कोणीही भरू शकतं, काकांच्या ओटीपीची वाट बघायला नको. तिथेच मागची काही चलनं पडलीत का तेही बघून घ्या. मेसेज काकांना जात होते आणि गावाला कोण ते मेसेज उघडून बघतंय, तेव्हा सिग्नलचं नाहीतर हेल्मेटचं एखादं जुनंही निघेल. लोकअदालतीत कमी होतं म्हणून थांबा असं तुम्हाला दहा जण सांगतील. लोकअदालतीत तडजोड होते हे खरंय, पण तोपर्यंत चलन काकांच्या नावावर लटकत राहणार आणि थकलेल्या चलनामुळे आरटीओतलं काम अडू शकतं, तेव्हा तुमच्या केसमध्ये तो हिशेब सोडा. आणि नोंदणीचा दंड पुन्हा लागला तर तो दुसरा गुन्हा धरला जातो हेही लक्षात ठेवा, कायद्यात पहिल्याला दोन ते पाच हजार आहेत, दुसऱ्याला पाच ते दहा हजार आणि वर्षापर्यंत कैदेची तरतूद.

हे भरताना एक सांभाळा, आणि काकांनाही आवर्जून सांगा. व्हॉट्सॲपवर 'तुमचं चलन थकलंय, ही फाइल उघडा' असे मेसेज फिरतात, ती फाइल म्हणजे फोनमध्ये घुसून बँक खाली करणारं ॲप असतं. ज्यांना एकदा खरं चलन आलंय ते म्हातारं माणूस घाबरून अशी फाइल पटकन उघडतं.

मग काकांना फोन. मुलाला नाही, काकांना. आणि फोनवर पोलीस, सिस्टिम, नशीब यातलं काही काढू नका. 'काका, गाडी माझ्या नावावर करायची राहिली ती माझ्यामुळे राहिली, दंड मी भरलाय, पावती पाठवतो, आणि सह्यांसाठी पुढच्या शनिवारी मी तुमच्याकडे येतोय, तुम्ही कुठेही यायचं नाही.' एवढंच. मुलाचं वागणं त्यांच्या कानावर घालायचा मोह होईल, घालू नका, बाप-मुलात तुमच्या दंडावरून कशाला. दिवा-सावंतवाडीने जा, मुलीलाही न्या, काकूंसाठी काहीतरी घेऊन जा.

तुम्ही म्हणाल, सह्या तर आहेत ना कपाटात. त्या नऊ-दहा वर्षांपूर्वीच्या फॉर्मच्या भरवशावर राहू नका. विकणाऱ्याने फॉर्म २९ चौदा दिवसांत द्यायचा असतो आणि घेणाऱ्याने फॉर्म ३० तीस दिवसांत. तारीख न टाकता सह्या घेऊन ठेवायची आपल्याकडे जी पद्धत आहे ना, 'नंतर बघू' वाली, तिने हजारो गाड्या अशा दोन घरांच्या मध्ये अडकून पडल्यात. आता बरीच प्रक्रिया ऑनलाइन सुरू होते, त्यात मालकाचं आधार आणि मोबाईल लागतो, त्यामुळे काका समोर बसलेले असणं तसंही सोयीचं. जायच्या आधी एक काम घरी करून ठेवा. हँडलच्या खाली, फ्रेमच्या गळ्याशी चासी नंबर ठोकलेला असतो. तिथली माती आणि तेलाचा थर रॉकेलच्या बोळ्याने पुसा, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी करून हलकेच घासा, आकडे उमटतात. दोन-तीन ठसे काढून ठेवा, आरटीओत हमखास मागतात, आणि आरसीवरच्या नंबराशी आकडा न आकडा ताडून बघा. जुन्या गाड्यांत गंजून एखादा आकडा पुसट होतो, ते खिडकीवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

काकांचं वय बघता अजून एक गोष्ट बोलायला हवी, वाईट वाटून घेऊ नका. ते आहेत तोवर हे काम दोन-चार सह्यांचं आहे. उद्या काही कमी-जास्त झालं तर वारसांचं काम सुरू होतं, मृत्यूचा दाखला, फॉर्म ३१, सगळ्या वारसांची संमती, आणि तुम्ही तर वारसही नाही. ज्या मुलाशी आज फोनवर वाजलंय त्याच्याच दारात तेव्हा सहीसाठी उभं राहायला लागेल.

तो एजंट. सगळे एजंट वाईट नसतात, रांगेत उभं राहायला, फॉर्म नीट भरायला कोणी मदत करत असेल तर खुशाल पैसे द्या, त्याच्या वेळेचे पैसे आहेत ते. पण 'सहीचं आपण बघून घेऊ' म्हणजे काकांची खोटी सही. ती फौजदारी भानगड आहे, आणि त्यात अडकणार तुम्ही, कारण फायदा तुमचा आहे. असं बोलणाऱ्याला नमस्कार करा आणि परत फोन करू नका.

मित्राचा सल्ला तर विसराच. नंबरप्लेट काढलेली, कव्हरखाली झाकलेली गाडी रस्त्यावर कशी दिसते? चोरीची. आत्तापर्यंत फोटो काढून भागलं, मग बोलावणंच येईल. आणि महापालिका बेवारस गाड्या उचलायची मोहीम काढते तेव्हा आधी अशाच झाकलेल्या आणि धुळीने माखलेल्या गाड्यांवर नोटीस चिकटते.

राहिला भंगाराचा प्रश्न. इथे मी तुमच्या बायकोच्या बाजूने आहे असं वाटत असेल तर थांबा, आधी आकडे बघू. पंधरा वर्षं झाली की गाडी बाद, सरकार जप्त करतं, असं तुमच्या पत्रात कुठेतरी आहे, ते बहुतेक दिल्लीच्या बातम्यांवरून आलेलं. पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षं ही भानगड दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यातली. आपल्याकडे गाडी चांगली असेल तर पंधरा वर्षांनंतर आरटीओत दाखवून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, फॉर्म २५ भरायचा, आणि हा अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून करता येतो (तुमची वेळ गेली, पण ज्यांच्या गाड्या २०११-१२च्या आहेत त्यांनी आत्ताच आरसी काढून तारीख बघा). एप्रिल २०२२पासून दुचाकीची ही फी हजार रुपये आहे, आणि वीस वर्षांच्या पुढच्या दुचाकीला २०२५मध्ये ती दोन हजार केली. हजार ऐकून बरं वाटलं असेल. पण उशीर झाला तर दुचाकीला दर महिन्याला तीनशे रुपये वर. तुमची साडेतीन वर्षं जरी धरली तरी बेचाळीस महिने, म्हणजे १२,६०० रुपये नुसते उशिराचे! त्यात पर्यावरण कर, पीयूसी, शंभर सीसीच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा ७१४ रुपये अधिक जीएसटी, एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट जीएसटी धरून ५३१ रुपये (२०१९च्या एप्रिलच्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आहे), आणि मग गॅरेज. इतकी उभी राहिलेली गाडी म्हणजे टायरला चिरा, टाकीत गंज, कार्ब्युरेटर जाम, बॅटरी तर नवीच. बावीस-पंचवीस हजार सहज जातील असा माझा अंदाज. एवढे पैसे घालून हातात काय येतं, तर अठरा-एकोणीस वर्षांची स्प्लेंडर, जी विकायला गेलात तर त्याच्या निम्मेही मिळायचे नाहीत.

आता हे वाचून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. तुम्हाला ती गाडी का ठेवायचीय हे तुम्ही पत्रात नीट लिहिलेलं नाही. रोज लागते म्हणून नाही, लागत असती तर एव्हाना कागद केले असतेत. काकांची आठवण म्हणून असेल, स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली गाडी म्हणून असेल, काहीही असो, ती हौस आहे आणि हौसेला मोल नसतं, पण मग ती हौस म्हणूनच बायकोसमोर ठेवा. 'कधीतरी उपयोगी पडेल' असं म्हणून नका ठेवू, कारण तिला दिसतंय की पडत नाहीये, आणि या घरखर्चात पंचवीस हजार म्हणजे मुलीच्या शाळेच्या फीचा एक हप्ता आहे. दोघांनी बसून ठरवा. ठेवायची ठरली तर आधी सोसायटीत जागा मागा, लेखी अर्ज द्या सेक्रेटरीला, रस्त्यावर ठेवून हौस होणार नाही. मेकॅनिकला घरी बोलावून खर्चाचा आकडा घ्या, मगच चिपळूणचं तिकीट काढताना कुठले फॉर्म न्यायचे ते ठरवा. नोंदणी वाढवायचा अर्जही नोंदलेल्या मालकाच्याच सहीने होतो, त्यामुळे ट्रान्सफर आणि रिन्यूअल दोन्हीचे कागद एकाच फेरीत सही करून आणा. आणि तपासणीसाठी गाडी आरटीओत चालवत नेऊ नका, छोटा टेम्पो करा.

द्यायची ठरली तरी काकांची सही लागणारच, हे बऱ्याच जणांच्या डोक्यात येत नाही. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिलीत तर तो हजार-पंधराशे हातावर ठेवेल आणि गाडी घेऊन जाईल, पण आरटीओच्या कॉम्प्युटरवर ती काकांच्या नावाने जिवंतच राहते. तोच चासी नंबर, तीच नंबरप्लेट दुसऱ्या गाडीवर चढली आणि ती गाडी कुठल्या चेन खेचण्याच्या प्रकरणात निघाली की पोलीस पुन्हा चिपळूणला. म्हणून सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे नोंदलेल्या मालकाचे कागद आणि त्याचं अधिकारपत्र लागतं, गाडी जमा केल्याचं सर्टिफिकेट मिळतं, मोडल्याचं मिळतं आणि नोंदणी रद्द होते. जमा केल्याच्या सर्टिफिकेटवर नवीन गाडी घेताना करात सवलतही मिळू शकते. माझं मत विचाराल तर तुमच्या केसमध्ये हाच रस्ता बरा, टाकीवरचा बॅज काढून ठेवा आठवण म्हणून. पण गाडी तुमची आहे, म्हणजे मनाने तरी.

तुमच्यासारखीच पत्रं अधूनमधून येतात, म्हणून बाकीच्यांसाठीही दोन शब्द. वडील गेले आणि त्यांची गाडी घरात आहे असे बरेच जण असतात. तुम्हाला ती तीन महिने चालवता येते, पण तीस दिवसांत आरटीओला कळवायला लागतं आणि त्या तीन महिन्यांतच फॉर्म ३१ भरून नावावर करायची असते. वर्षश्राद्ध झाल्यावर बघू म्हणाल तर उशीर झालेला असतो. बेळगाव, हुबळीकडची गाडी घेऊन पुण्यात नोकरी करणाऱ्यांनी: बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, मूळ आरटीओची एनओसी आणून, आणि महाराष्ट्रातून बाहेर गेलेल्यांनाही हेच लागू. आणि पाडव्याला, दसऱ्याला मुहूर्तावर बिननंबरची गाडी घरी आणणाऱ्यांनी तर कान उघडून ऐका. २०१९च्या दुरुस्तीनंतर नंबर पडल्याशिवाय शोरूमने गाडी ताब्यात द्यायचीच नाही असा नियम आहे. तेव्हा आठ-दहा दिवस आधी पैसे आणि कागद द्या, मुहूर्ताला नंबर तयार असतो. 'आज घेऊन जा, नंबर येईल मागून' म्हणणाऱ्या सेल्समनच्या गोड बोलण्यात येऊ नका. तो चहा पाजतो, पण नाक्यावर अडवल्यावर चलन मात्र तुमच्या खिशातून जातं.

दादा, शेवटचं. चलन भरल्यावर पावतीचा स्क्रीनशॉट काकांना पाठवाल तसाच त्यांच्या मुलालाही पाठवा. सोबत लांबलचक माफी नको, 'भरलं. शनिवारी सह्यांसाठी येतोय, तुम्ही असाल तर भेटू' एवढं पुरे. आणि गाडी नावावर झालीच तर त्याच दिवशी आरटीओच्या नोंदीत मोबाईल नंबर तुमचा पडलाय का ते खिडकीवरच विचारून या.